दुखणं, दहापैकी किती?

९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाऊजींनी साखर सोडलीय आणि घरादाराला हैराण केलंय. चार वर्षांनी माझं पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी आता विद्यापीठात नृत्याच्या मुलांना आरोग्य शिकवते. आहार, झोप, सांधे, स्नायू. मोठ्या हुशारीनं मी एक नियम काढला. सरावाआधी प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, कुठे दुखतंय आणि दहापैकी किती. पाचाच्या वर गेलं की त्या दिवशी सराव बंद. महिनाभर सगळ्यांचं दोन! मी खूश. अगं, कसलं काय! बसावं लागेल म्हणून पोरं धडधडीत खोटं लिहीत होती. एक मुलगी कठड्याला लोंबकळत जिना उतरताना दिसली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घोटा हा एवढा सुजलेला, वर पट्टी करकचून आवळलेली. परीक्षा पाच दिवसांवर.

"पट्टी कोण बांधतं गं?"

"आमची ताई. म्हणते, एवढ्यानं काय होतंय."

मी पायरीवर बसून ती पट्टी सोडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं. माझ्या बहिणीच्या घोट्याला मीच पट्टी आवळली, तिला रंगमंचावर पाठवलं, आणि त्यानंतर ती कधी नाचली नाही. मग नियम बदलला. दुखत असेल त्यानं बसून हातांचा आणि तालाचा सराव करायचा, गुण कापले जाणार नाहीत. त्या दिवशी चिठ्ठ्यांवर सहा आले, सात आले, एक नऊसुद्धा! वाईट आकडे बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या मुलीच्या हाडाला बारीक चीर निघाली. परीक्षा पुढे ढकलून घेतली. सहा आठवडे विश्रांती, मग ती नाचेल. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." मी तिथेच बाकावर बसून रडले.

चिमणे, इतकी वर्षं मी आईला, सगळ्यांना सांगत आले की तू मला दुखण्याबद्दल बोललीच नाहीस. तू बोलली होतीस. पडद्यामागे माझा हात धरून म्हणालीस, "ताई, नको, फार दुखतंय." मी ऐकलं होतं. ऐकून पट्टीचा आणखी एक वेढा दिला.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. रागानं का होईना, उत्तर दे. काय वाटेल ते लिही.

या वेळी सगळं ऐकून घेणारी,
तुझी ताई