ट्रेलरची नंबरप्लेट

३ मे, शनिवार
कारमागे जोडायचा ट्रेलर दारात आला. दोन बेड, एक शेगडी, घडीचं टेबल. सेकंडहँड आहे पण वाटत नाही. हिला वाटतो. मुलगी २० तारखेला नोकरीसाठी परदेशी जाणार, निदान तीन वर्षं. त्याआधी तिघांनी तलावावर दोन रात्री राहायचं, असा शब्द दिलाय मी तिला. सोळाला निघायचं, अठराला परत. वेळच वेळ आहे.

४ मे, सकाळी ९
ट्रेलरच्या पाठीवर कारचाच नंबर रंगवला. ओढणारी कार एक, चालवणारा मी एक, मग नंबर दोन कशाला? शेजारचा मेकॅनिक म्हणाला, ट्रेलरची वेगळी नोंदणी करावी लागते, त्याला स्वतःची प्लेट लागते. मेकॅनिक लोक उगाच घाबरवतात.

५ मे
चौकातल्या पोलिसाचंही तेच मत. त्यानं ते लेखी दिलं.

७ मे
नोंदणी कार्यालय. खिडकीवरच्या बाई दमलेल्या. मीही. जुन्या मालकाची सही, विमा आणि वजनाचा दाखला हवा. वजन साडेसातशे किलोच्या आत भरलं तर प्लेट त्याच दिवशी. वर गेलं तर ब्रेकची तपासणी, तिची तारीख मिळेल तेव्हा. आमचा ट्रेलर सहाशे नव्वदचा, कागदावर लिहिलंय. म्हणजे काम झाल्यातच जमा. संकल्प: रोज एक कागद.

९ मे
कागद शून्य. जुना मालक फोन उचलत नाही. विश्रांती हाही तयारीचा भाग असतो.

१२ मे
सही मिळाली, विमा झाला. ट्रेलर वजनकाट्यावर न्यायला एक दिवसाचा परवाना मिळाला, तो एकदाच देतात. ही म्हणत होती, रिकामा न्या. मी गाद्या, भांडी, खुर्च्या, पाण्याची भरलेली टाकी, सगळं आत घातलं. सोळाला निघायचंच आहे, दोनदा सामान कोण भरणार? भरलं आठशे बेचाळीस. काट्यावरच्या माणसानं विचारलं, सामान उतरवून पुन्हा करू या का? मी म्हटलं, आहे ते आहे, मला लपवाछपवी जमत नाही.

१३ मे
खिडकीवरच्या बाईंनी दाखला दोनदा वाचला. आत माणसं बसली होती का, असं विचारलं. मग ब्रेकच्या तपासणीची तारीख दिली, २३. मी सांगितलं, मुलगी वीसला चाललीय. त्या म्हणाल्या, माझी गेल्या वर्षी गेली. आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

१५ मे
घरी सांगितलं की बेत रद्द नाही, थोडा पुढे गेलाय. मुलगी म्हणाली, बाबा, ट्रेलर राहू दे ना, कारनंच जाऊ, दिवसभर बसू आणि येऊ. मी तिला समजावलं की अर्धवट काम मी करत नाही. नोंदणी कार्यालयातल्या साहेबांना भेटलो की लगेच होईल. ही उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१६ मे
साहेब रजेवर. सोमवारी येतील.

१९ मे, सोमवार, संध्याकाळी ७
सकाळपासून साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर. पाठ धरली. चार वाजता आत बोलावलं. साहेब फार सज्जन, नाही म्हणायच्या आधी त्यांनी पाणी विचारलं.
घरी आलो तर दोघी नुकत्याच परतल्या होत्या. बसनं तलावावर गेल्या होत्या. मुलगी म्हणाली, सकाळी दहापर्यंत तुझी वाट पाहिली. पाण्यात पाय सोडून बसलो, म्हणाली, आई खूप बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. बरं केलंत, म्हटलं. वाईट वाटलं. पण कुणीतरी त्या बाकावर बसायला हवंच होतं.

२० मे
विमानतळ. मुलीला मिठी मारली. तेवीसला ब्रेकची तपासणी आहे हे सांगितलं. ती म्हणाली, काळजी घे. ब्रेकची म्हणाली असेल.

२३ मे
तपासणारा घरीच आला. तपासणी पास. दहा मिनिटं लागली. तपासणारा म्हणाला, टाकी ओतून दिली असती आणि खुर्च्या उतरवल्या असत्या तर याची गरजच नव्हती. मी त्याचे आभार मानले.

२४ मे, सकाळी ११
प्लेट बसवली. अगदी सरळ. आता कुठल्याही पोलिसाच्या नाकासमोरून जाता येईल. मुलीला फोटो पाठवला, तिच्याकडे रात्र असावी. हिला म्हटलं, चल, कारला ट्रेलर जोडतो, आपण दोघं तलावावर जाऊ.
ही म्हणाली, मी जाऊन आलेय.