मांजरसुंब्याचं जेवण

सोमवार, १ फेब्रुवारी २०१६

यांच्या उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा झालाय. चादर लागली तरी कळवळतात. बीडला दाखवलं. रक्तात युरिक ॲसिड नऊ पॉइंट चार. डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं — मटण, दारू? हे म्हणाले, "लिंगायत हाव आमी, गळ्यात लिंग हाय, साहेब." डॉक्टर हसले. का हसले?

सूज उतरली की रोज एक गोळी, कायमची. सुरुवातीला पुन्हा दुखेल, तरी सोडायची नाही. पाणी भरपूर प्यायचं. टँकर आठव्या दिवशी येतो, हे त्यांना कुणी सांगावं. मीच माझ्या पिण्यातले दोन तांबे कमी करते.

शनिवार, २० फेब्रुवारी

गोळी सुरू होऊन चार दिवस. शेजारची मनकर्णा पाय बघून गेली. "माझ्या भावाचा अंगठा असाच व्हायचा, वैनी. बोकड आन् बाटली." मग हळूच — "अप्पा दुधाच्या मीटिंगला जातेत, तवा जेवतेत कुठं?"

कुठं? दूध सोसायटीचे चेअरमन म्हणून हे महिन्यातून दोनदा बीडला जातात. येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवतात. घरी ताटाला शिवत नाहीत. काय खाल्लं, मी कधी विचारलं नव्हतं.

रविवार, २१ फेब्रुवारी

विचारलं. म्हणाले, पिठलं-भाकरी. म्हटलं, लिंगावर हात ठेवून सांगा. म्हणाले, "त्याच्यासाठी न्हाई बांधलेलं ते." लिंग शर्टाच्या आत सारलं.

हात ठेवायला काय जात होतं?

सोमवार, ७ मार्च. महाशिवरात्र

पुन्हा सुजला. आता डावाही. रोज गोळी घेऊन! देवच दाखवतोय. पाप काय गोळीनं धुतलं जातं? गोळ्यांची पाकिटं उचलली, देव्हाऱ्यात महादेवामागं ठेवली. म्हटलं, खरं सांगा, मग घ्या.

मी हे मनकर्णेजवळ बोलले. बोलायला नको होतं.

शुक्रवार, २५ मार्च

यांनी गोळ्या अजून मागितल्या नाहीत.

मंगळवार, ५ एप्रिल

सोसायटीची सभा. जनावरं चारा-छावणीत, दूध निम्म्यावर — सोसायटी बंद करायची का, हे ठरायचं होतं. यांना दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. बंद करू नका म्हणून बोलायचं होतं, उभंच राहता येईना. मागून कुणीतरी, "चेअरमनला मटण बाधलं बे." सगळे हसले. बायकांत बसून मी ऐकलं. शब्द माझ्याच घरातून गेलेला.

बुधवार, ६ एप्रिल

डॉक्टर रागावले. "गोळी कुणी बंद केली?" हे म्हणाले, "मीच इसरलो." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, सांध्यात साठलेले खडे विरघळायला लागले की आधी दुखतंच. आणि नुसत्या खाण्यानं होत नाही हे. काहींच्या मूत्रपिंडातून ते ॲसिड बाहेरच पडत नाही. घरी येऊन पाकिटं काढून दिली.

पण मनातलं गेलं का? नाही.

सोमवार, १८ एप्रिल

मी पहाटे पूजेला उठले, पाय टेकवेना. अंगठा वांग्यासारखा. लुगड्याचा काठ सोसत नाही. मी तर नातवाच्या वाढदिवसाचा केकही अंडं असेल म्हणून शिवले नव्हते.

हे लंगडत तांब्या भरून घेऊन आले. पायाशी बसले. माझा अंगठा बघितला.

"मांजरसुंब्याला कोणत्या ढाब्यावर गेलतीस?"