आक्काचा हेल

आक्का, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, की बेळगावच्या शहापुरात मागासाठी तू सुतानं भरलेल्या कांड्या आठवणारंही आता कुणी उरलं नसेल. माग सोडून मी कोल्हापूरला सिनेमाच्या गोष्टी लिहायला गेलो, तेव्हा घरात माझ्यावर चिडायचीस आणि गल्लीत मात्र सांगत फिरायचीस, "माझं पोरगं कागद काळं करतंय, आन् त्याला पगार देत्यात!"

कंपनीत तेव्हा दोनच रस्ते होते, देवादिकांची चित्रं नाहीतर तलवारबाजीची. मला घराघरांत घडतं ते लिहायचं होतं. दिग्दर्शक माझी पानं निळ्या पेन्सिलीनं तपासत. नटाचा चेहरा जे सांगतो तेच संवादात आलं, की फुली. सहा महिने मी नुसत्या फुल्या खाल्ल्या. शेवटी ते म्हणाले, "रडवायला कुणीबी रडवंल. लढाईनं लोक आधीच रडकुंडीला आल्यात. हसवून दाखव." असा मी विनोदी लेखक झालो, हौसेनं नव्हे, नोकरी टिकावी म्हणून.

गोष्ट जमली. बायकोचं प्रेम जोखायला नवरा मेल्याचं सोंग घेतो, तिला ते कळतं, आणि तीही खोटंखोटं हेल काढून रडते. पण त्या रडण्याला शब्द सुचेनात, आणि शूटिंग तर दुसऱ्या दिवशी. तेव्हा मला वडिलांचं, आप्पांचं प्रेत आठवलं, आणि त्याच्या उशाशी तू. आपल्याकडची बाई मुकी रडत नाही, मेलेल्याशी बोलत रडते. "करपली भाकरी ग्वाड म्हनून खायचासा वो धनी, आता कुनासाठी करपवू?" मी तुझा हेल जसाच्या तसा उतरवला. एकाही ओळीवर फुली आली नाही. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

चित्र बेळगावात लागलं. निपाणीवरून सर्व्हिस मोटारीनं मी तुला न्यायला आलो. आपल्याच मागावरचं नवं लुगडं नेसून तू बायकांच्या बाजूला बसलीस, मी मागं पुरुषांत. पडद्यावर ती बाई ऊर बडवतेय, तुझं एकेक वाक्य येतंय आणि लोक पोट धरून हसतायत. तू पाठमोरी, हलत नाहीस. परतताना टांगा खासबागेत आला. मग म्हणालीस, "ते माझं बोलनं हुतं न्हवं?"

"व्हय, आक्का."

"लई हसली रं लोकं." आणि उलट माझीच समजूत काढलीस, "हसू द्यात. त्यास्नी काय ठावं."

दोन वर्षांनी थोरली बहीण बाळंतपणात गेली. बायका तुला हलवत होत्या, "रड गं बाई, मोकळी हो." तू माझ्याकडं एकदा पाहिलंस आणि पदर तोंडात कोंबलास. एक शब्द काढला नाहीस. पोटच्या लेकीसाठी तुला रडता आलं नाही, आणि ते माझ्यामुळं. त्यानंतर मी विनोदी लिहिणं सोडलं. लोक म्हणाले, डोकं फिरलंय.

तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं पत्र नेहमी मीच मोठ्यानं वाचून दाखवायचो, आणि हे पत्र काही मला मोठ्यानं वाचवणार नाही. म्हणून ते ट्रंकेतच राहील. एकच गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नव्या चित्राच्या पहिल्या खेळाला कंपनीची माणसं गर्दीत बसत. विनोद पडू नये म्हणून आधी आपण हसायचं, मग लोक उचलतात. त्या दिवशी बेळगावातल्या पहिल्या खेळाला कंपनीचा मी एकटाच होतो. पहिलं हसणं माझं होतं, आक्का.