क्रॉनिक शब्दाखालची ओळ

पप्पा, काल एका बाईंनी मला क्रॉनिक म्हणजे काय ते विचारलं. शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते, म्हणजे हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. "लईच वाईट असतंय काय ओ म्याडम?" मी सांगितलं, बराच काळ चालणारं, एवढाच त्याचा अर्थ, किती गंभीर ते डॉक्टर सांगतील. मग त्यांचा कागद शेवटपर्यंत वाचून दाखवला, दोनदा. मागं रांग खोळंबली होती.

आपल्या घरात हा शब्द आला तो दिवस आठवतो. शिवाजी पेठेतलं आपलं शिलाईचं दुकान, टेबलावर पेठेतल्या मंडळाच्या संघासाठी अर्धवट कापलेल्या फुटबॉलच्या जर्सी. मी शाळेत जायला लागायच्या आधीच तुम्ही मला त्या टेबलावर इंग्रजी शिकवलंत, कापडावर खुणा करायच्या खडूनं रोज एक शब्द लिहून. डिक्शनरीत बघितल्याशिवाय कुठलाही शब्द तोंडात घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येता. किडनीच्या आजाराआधी क्रॉनिक लिहिलेलं. आत्या डोळ्याला पदर लावते.

"रडायचं मागनं. आदी पुस्तक काढ गं," तुम्ही मला म्हणता. मी वाचते : दीर्घकाळ टिकणारं, मूळ ग्रीक शब्द क्रोनॉस, म्हणजे काळ. तुम्ही हसता. "ऐकलंस न्हवं आक्का? लांबणारं दुखणं हाय. तवर मंडळाच्या समद्या जर्सी शिवून हुत्यात."

"आग लाव तुझ्या जर्सीला," आत्या म्हणते, पण तिचं रडू थांबतं.

"आनि खाली काय लिवलंय?" डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला लागत नसे.

"गोळ्यांची नावं," मी म्हणाले.

आठव्या दिवशी तुम्ही माझं इंग्रजी भाषण ऐकायला शाळेत आलात. सुजलेले पाय चपलेत जात नव्हते, म्हणून अनवाणी. शेवटच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्यात. पुढे दोन आठवड्यांत तुम्हाला ॲडमिट केलं आणि तिथून तुम्ही परत आला नाहीत. तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. आताही नेमकं काय वाटतं ते सांगता येत नाही.

घरात सगळे म्हणतात, आपण एका शब्दाचा अर्थ बघत बसलो आणि बाकीचा कागद वाचलाच नाही. मीही मान हलवते. वेळेवर दाखवलं असतं तर तुम्ही जगला असतात का, मला माहीत नाही. मी कधी कुठल्या डॉक्टरांना विचारलं नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि खरं तर ते आधी आत्याला वाचून दाखवायला हवं. ती आत शेंगा निवडत बसली आहे. मी उठत नाही. पप्पा, तो कागद मी वाचला होता. गोळ्यांच्या नावांच्या वर लिहिलं होतं, आठ दिवसांनी नक्की दाखवा. त्याच दिवशी माझं भाषण होतं.