घराची दुरुस्ती कहकशाँकडे

दहावीची परीक्षा संपली होती आणि मे महिन्यातल्या एका सकाळी मी आणि कहकशाँ वडाळी तलावाच्या काठाने चालत होतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कहकशाँने मला दगडावर बसवले, बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला आणि तो अंगठ्यातून आरपार घालून टोक वाकवले. "पाय हालवू नको वं," ती म्हणाली, "नाईतर चप्पल राहीन बाजूले अन् तुह्या पायालेच टाका घालीन." त्या चपलेवर मी घरी आले आणि पुढे शाळेचा निकाल आणायलाही तीच घालून गेले.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे माझ्या वकील रागिणी इंगोले यांनी मला सांगितले आहे. पण पुढे या कागदात ज्या बाईचे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे, ती माझी कोण, असे उद्या कोणी विचारील. म्हणून आधीच लिहून ठेवले.

मी, मंजुषा जीवन मोहोड, वय सहासष्ट, बँकेतून निवृत्त, राहणार छत्री तलाव रस्ता, अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची दोन औषधे चालू आहेत, त्यांचा विचार करण्याच्या शक्तीशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर मी स्वतः चष्मा लावून दोनदा वाचला आहे. यापूर्वी मागच्या दिवाळीत केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते का रद्द करावे लागले, ते कलम तीनमध्ये येईल.

१. माझी माणसे. माझे पती जीवन २०११ साली गेले. आम्हाला एकच मुलगी, प्रतीक्षा. ती नोकरीनिमित्त पुण्यात असते. माझे थोरले दीर श्री. नत्थुजी मोहोड भातकुलीला शेती पाहतात. आणि कहकशाँ परवीन शेख ताहेर, मूळची अचलपूरची, इथल्याच मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली चित्रकला शिक्षिका, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने लग्न केले नाही. जीवन गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे महिनाभरासाठी आली आणि परत गेली नाही. मी तिला जा म्हटले नाही आणि तिने राहू का विचारले नाही.

त्या दिवसांत मी बँकेत रजा टाकून दिवसभर अंथरुणात असे. ती पहाटे माझे बूट हातात घेऊन उभी राहायची. "ऊठ वं. ऊन काय तुह्यासाठी थांबनार हाय?" मग आम्ही पोहऱ्याच्या जंगलाच्या रस्त्याने चालत जायचो. तो सारा उन्हाळा आम्ही चाललो. रस्त्याच्या मधोमध बसलेला रातवा पक्षी आम्ही अगदी जवळ गेल्यावर उडायचा आणि मी दर वेळी दचकायचे. बहावा कुठे फुलला आहे, टेंभरे कुठल्या झाडाची पिकली आहेत, हे ती न बोलता हाताने दाखवायची. ऊन तापायच्या आत आम्ही घरी यायचो आणि दारे-खिडक्या लावून दुपारभर काहीतरी दुरुस्त करत बसायचो. पहिल्या वर्षी जीवन यांचा जुना पत्र्याचा कुलर होता. त्याचा तळ गंजला होता. शेजारी म्हणाले, भंगारात द्या. कहकशाँ म्हणाली, "पयल्या दिवशी हात नाई लावाचा. नुसतं पाहाचं." आम्ही दोघी दिवसभर त्या कुलरसमोर बसून त्याच्याकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी तिने त्याचा प्रत्येक भाग जागच्या जागी कॅलेंडरच्या पाठीवर काढला आणि मग स्क्रू खोलू दिले. तो कुलर आजही चालतो. आवाज करतो, पण चालतो. मी अंथरुणातून त्या कुलरसाठी उठले, हे प्रतीक्षाला माहीत नाही. तिला वाटते, तिच्या फोनमुळे. फोनचाही उपयोग झाला, बाळा.

२. हे मृत्युपत्र आत्ता का. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये पोहऱ्याच्या रस्त्यावर मला घाम फुटून चक्कर आली. कहकशाँने मला सालईच्या झाडाखाली निजवले आणि भाजीची एक गाडी अडवून दवाखान्यात आणले. तिथे खिडकीवरच्या मुलाने तिला विचारले, पेशंट तुमची कोण?

"सोबतीन," ती म्हणाली.

"सोबतीन हे नातं नसते, मॅडम. घरचं कोनी बोलवा."

घरचे म्हणून नत्थुजी भाऊजी भातकुलीहून येईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसून होती. भाऊजी आले, धावपळ केली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण मला बरे वाटू लागल्यावर त्यांनी माझ्या पलंगाशी बसून, दारात उभ्या असलेल्या कहकशाँला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "मंजुषाबाई, तुमी आता पुन्याले पोरीकडं जा. घराचं मी पाहून घेतो. अन् ते मास्तरीन जाईन आपल्या गावाले. कोन लागते ते तुमची?"

मला तेव्हा बोलता आले नाही. नाकात नळी होती. अचलपूरला आता तिचे घर उरलेले नाही, भावाने ते विकले. अकोल्याला तिची भाची माहेनूर राहते, दोन खोल्यांत पाच माणसे. ती "फुफी, या," म्हणते आणि मनापासून म्हणते. पण मी गेल्यावर कहकशाँने या वयात कोणाच्या तरी दिवाणावर पाय आखडून झोपायचे, हे मला मान्य नाही. या कागदाचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

३. झालेली चूक. दिवाळीत मी घरीच बसून पहिले मृत्युपत्र लिहिले आणि घर कहकशाँच्या नावे केले. साक्षीदार म्हणून तिचीच सही घेतली. आमच्या घरात एकीने धरायचे आणि दुसरीने स्क्रू फिरवायचा, अशी पद्धत आहे. त्या सवयीने मी कागद पुढे केला आणि तिने न वाचता सही केली. आम्ही दोघी तो दाखवायला गेलो, तेव्हा रागिणी वकिलांनी वाचून डोक्याला हात लावला. "मावशी, ज्यांना घर देता त्यांचीच साक्ष? विरुद्ध बाजूच्या वकिलाला तर दिवाळीच." आणि त्यांनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. कहकशाँला घराचे तिथे कळले.

घरी आल्यावर तिने वेताची खुर्ची विणायला घेतली आणि खाली बघतच म्हणाली, "तो कागद फाड."

"काहून?"

"घर माह्या नावावर केलं तर मी दुसऱ्या दिवशी अकोल्याची यष्टी पकडीन. लोक म्हनतीन, याच्याचसाठी राहून राहिली होती."

"लोकांचं काय घेऊन बसलीस."

"लोकाइचं सोडता येते वं. प्रतीक्षानं एकदा जरी तशा नजरेनं पाह्यलं, तर मले ते नाई सोडता येनार."

मग मी म्हटले, घर प्रतीक्षाला, तू फक्त शेवटपर्यंत इथे राहा, तसा हक्क लिहिते. त्यालाही ती तयार होईना. "फुकट नाई राहत मी कोनाच्या घरात." मी प्रतीक्षाला फोन केला. ती म्हणाली, "आई, मावशींना मी कधी जा म्हणेन का? मग हे कायदेशीर कशाला? माझ्या शब्दावर विश्वास नाही?" आणि तीही रुसली. माझ्या दोन्ही बाजूंना दोन रुसलेल्या बायका आणि मधे अर्धी विणलेली खुर्ची, अशी दिवाळी गेली.

प्रतीक्षा, तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण उद्या तू एकटी नसशील. काका असतील, बिल्डर असतील, घरी पैशाची नड असेल, आणि प्रत्येक वेळी मावशीची बाजू तुला एकटीला लढावी लागेल. ते ओझे तुझ्यावर नको, म्हणून कागद.

वाट शेवटी कहकशाँनेच काढली. खुर्ची पूर्ण झाल्याच्या दिवशी ती त्यात बसून म्हणाली, "या घराचं काम माह्याकडं दे. कामाले मानूस ठेवतात, तसं. मंग राहीन."

४. घर. वर उल्लेखलेले घर, त्याखालचा प्लॉट आणि अंगणातील कडुनिंब, ही माझ्या पगारातून घेतलेली मालमत्ता मी माझी मुलगी प्रतीक्षा हिला देते, खालील अटींवर.

या घराची दुरुस्ती करण्याचा अधिकार कहकशाँ परवीन शेख ताहेर यांचा राहील. दुरुस्ती करणारी व्यक्ती घरातच राहणे आवश्यक असल्याने मागची मोठी खोली, स्वयंपाकघर, अंगण आणि गच्ची त्यांच्या वापरात राहतील. हा त्यांच्या कामाचा मोबदला आहे, उपकार नाही. त्या हयात असेपर्यंत घर विकता, गहाण टाकता किंवा पाडता येणार नाही.

दुरुस्ती शिल्लक आहे की संपली, हे ठरवण्याचा अधिकार फक्त कहकशाँ यांचा. प्रतीक्षाचा नाही, नत्थुजी भाऊजींचा नाही, कोणा इंजिनिअरचाही नाही.

हात चालेनासे झाले तर खुर्चीत बसून दुसऱ्याला सांगणे, हीसुद्धा दुरुस्तीच समजावी. सांगणेही जमेनासे झाले तर नुसते बघणे. बघणे हे आमच्याकडे पहिल्या दिवसाचे काम आहे.

५. ठेवी. बँकेतील ठेवी प्रतीक्षाला. त्यातली एक ठेव घराच्या नावाने वेगळी ठेवली आहे, तिचे व्याज खिळे, रंग, वायर आणि कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांसाठी रागिणी वकिलांमार्फत कहकशाँकडे जाईल. हिशेब मागू नये. ती चांगला ब्रश घेते, स्वस्तातला घेत नाही, यावरून कोणी बोलू नये.

६. नत्थुजी भाऊजी. त्यांनी गहू भरण्यासाठी माझी लांब शिडी नेली आणि ती अजून भातकुलीलाच आहे. मी दर पोळ्याला आठवण केली. ते दर वेळी म्हणाले, "आनतो ना, बाई, शिडी काय पयून चालली?" ती शिडी मी त्यांना देते. म्हणजे ती मागण्याचे काम माझ्या वारसांवर पडणार नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कलम चारमध्ये आहे: कहकशाँ या घराची दुरुस्ती करते. त्याउपर नाते लिहायचेच असेल तर सोबतीण लिहावे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. होता तो शिडीबरोबर दिला.

७. अंत्यविधी. मी उन्हाळ्यात गेले तर सगळे सकाळी लवकर आटपावे. कोणाला उन्हात उभे करू नये. तेरवीला गोडाचे एकच करावे. दवाखान्यातला फॉर्म असो की घाटावरची पावती, कहकशाँला कोणी बाहेरच्या बाकावर बसवू नये. हे मी प्रतीक्षाला विशेष करून सांगते.

८. किरकोळ वस्तू. जीवन यांची दुर्बीण प्रतीक्षाच्या मुलाला, निहारला. तिच्या काचांना आतून बुरशी आली होती. आम्ही ती साफ केली आणि डाव्या बाजूची एक काच उलटी बसवली, त्यामुळे डाव्या डोळ्याला मोर फार लांब दिसतो. उजव्याने बघावे. दोनदा खोलून पाहिली, जमले नाही, सगळेच जमते असे नाही. माझे चालायचे बूट माहेनूरला, तिच्या पायाला येतात, मी विचारून ठेवले आहे. माझ्या साड्यांतून प्रतीक्षाने आधी घ्यावे, मग माहेनूरने. शिवणयंत्र, सोल्डरिंगची गन, पान्हे आणि हातोड्या कहकशाँच्या. खरे तर या वस्तू तिच्याच आहेत, पण कोणी यादी करायला आलेच तर इथे लिहिलेले असावे.

९. गच्चीवरच्या खोलीतील पत्र्याची पेटी. हे कलम कहकशाँला वाचून दाखवलेले नाही, आणि प्रतीक्षानेही दाखवू नये.

कहकशाँ सचोटीची बाई आहे. एखाद्या उन्हाळ्यात तिला वाटेल की घर आता ठीकठाक आहे, आपले काम संपले, आणि ती बॅग भरील. म्हणून दिवाळीपासून मी ओळखीच्या घरांतून मोडक्या वस्तू जमा करत आहे. पेटीत सध्या आहेत: चावी अडकलेले भिंतीवरचे घड्याळ, दोन इस्त्र्या, तुटक्या काड्यांच्या छत्र्या, आवाज गेलेला रेडिओ, हँडल नसलेला कॉफीचा फिल्टर, एक फिरत्या पाळण्याचे खेळणे जे आता फिरत नाही, आणि भांडे गळणारा मिक्सर. काही चालू वस्तू मी स्वतः बिघडवून ठेवल्या आहेत. मला ते फारसे अवघड गेले नाही.

ही पेटी मी प्रतीक्षाला देते आणि किल्लीही तिलाच. तिने दर उन्हाळ्यात अमरावतीला यावे, पेटीतली एकच वस्तू काढावी आणि मावशीपुढे ठेवून म्हणावे, पुण्यात कोणाला जमली नाही. सगळ्या एकदम काढू नयेत. कहकशाँ घाई करणार नाही, पण तरी. पहाटे तिच्याबरोबर थोडे चालून यावे आणि दुपारी ती खोलेल तेव्हा स्क्रू वाटीत धरून समोर बसावे. पेटी रिकामी होत आली तर आपल्या घरचे काहीतरी मोडून आणावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. रागिणी इंगोले, अमरावती, यांनी करावी. वरील मजकूर माझा आहे. खालील दोघांसमक्ष मी सही केली, आणि त्या दोघांनी माझ्यासमक्ष. त्यांना यातून काहीही मिळत नाही, हे या वेळी नीट पाहून घेतले आहे.

सही: मंजुषा जीवन मोहोड

साक्षीदार:
१. डॉ. मोनाली काळमेघ, अमरावती
२. श्री. डोमाजी राऊत, निवृत्त टपाल कर्मचारी, शेजारी, छत्री तलाव रस्ता, अमरावती

स्थळ: अमरावती
दिनांक: १८ मे २०२५