वाळवंटातले पितर

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५
पोचलो एकदाचा मोहर्लीत! माझ्या गावाहून, मूलहून, चंद्रपूर, तिथून दुसरी एसटी, आणि शेवटी रिसॉर्टच्या गाडीत भाजीच्या क्रेटवर बसून. मोबाइलने माझा फोटो स्टुडिओ खाल्ला तेव्हा वाटलं होतं, संपलं आपलं. पण मालक खुशालभाऊंनी फोटोंचंच काम दिलं. परदेशातल्या कुठल्याशा वाळवंटात सत्तर वर्षांपूर्वी जुगाराचं एक आलिशान हॉटेल होतं. त्याचे पेटीभर जुने फोटो त्यांनी मुंबईच्या लिलावात घेतलेत. ते स्कॅन करून, मोठे करून जेवणाच्या हॉलमध्ये लावायचे, एक तारखेला जंगलाचं गेट उघडायच्या आत. वाघ बघायला आलेल्यांनी वाळवंट का बघावं, हे मी विचारलं नाही. हौसेला मोल नसतं. नोकरी पक्की झाली की दिव्यानीला आणि सव्वा वर्षाच्या परीला इथेच आणणार. परीशिवाय आत्ताच करमेना झालंय.

गुरुवार, ११ सप्टेंबर
वीस फोटो लागले. पत्त्यांची टेबलं, पोहण्याचा तलाव, कुंपणापलीकडे नुसती वाळू. एका फोटोत टेबलाच्या टोकाला पांढऱ्या टोपीतला माणूस बसलाय. सगळे पत्त्यांत दंग, हा एकटा माझ्याकडे बघतो. चहा पिऊन आलो तर प्रत्येक काचेवर गंध आणि झेंडूचा हार! स्वयंपाकाच्या रुखमाबाईंना वाटलं, मालकाचे पूर्वज आहेत. बरोबरच आहे, आपल्याकडे भिंतीवर एवढे मोठे फोटो गेलेल्यांचेच लागतात. मी पोट धरून हसलो. खरं काय ते मात्र सांगितलं नाही. तेवढीच गंमत.

शनिवार, १३ सप्टेंबर
पितृपक्ष चालू आणि मालक आपल्या माणसांना पान वाढत नाही, हे रुखमाबाईंना सहन होईना. वडे, कढी, खीर असा बेत केला. पितर म्हणून जेवायला बसायला पुरुष हवा, मोकळा मीच होतो. टोपीवाल्याच्या नावाने मला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं. वड्याला नाही कोण म्हणतं? दुसरा वडा खात होतो तर मालकाचा फोन आला, आणि मी उठलो. रुखमाबाई पांढऱ्याफटक. म्हणाल्या, ‘पितर अर्ध्या ताटावरून उठत नाई जी! हात धुवून, विडा देऊन, दारापावतर पोचवा लागते. नाई तं तो जात नाई.’ मी म्हटलं, जाईल की चारच्या एसटीने.

सोमवार, १५ सप्टेंबर
टोपीवाल्याची खुर्ची रिकामी आहे. आधी वाटलं, भलताच फोटो छापला. कॉम्प्युटरवरचा स्कॅन उघडला, पेटीतला मूळ फोटो काढला. तिन्हींत रिकामी.
रुखमाबाईंनी सांगितलं, काल दुपारी मी त्यांच्याकडे दोनदा खीर मागून खाल्ली. काल दिवसभर मी चंद्रपूरला फ्रेम आणायला गेलो होतो.

बुधवार, १७ सप्टेंबर
आज सगळं सांगून टाकलं, हे कोणाचेच पूर्वज नाहीत म्हणून. रुखमाबाईंनी काचांवरचे हार एकेक करून उतरवले. मग म्हणाल्या, रविवारी सर्वपित्री अमावस्या आहे. त्या दिवशी पुन्हा पाटावर बसायचं, ताट पुरं करायचं, मग त्या त्याला रीतसर निरोप देतील. तोवर मूलला जायचं नाही, तो पाठोपाठ घरी येईल. मला हसू आलं नाही.
खुर्चीत आज कोणीतरी बसलंय. पाठमोरं. शर्ट चौकड्यांचा आहे. माझ्याकडे तसाच —

शुक्रवार, १९ सप्टेंबर
सकाळपासून खोलीतच. अंथरुणात वाळू. दोनदा झटकली.
दुपारी गाडीवाला पत्रू मला बघून दचकला. म्हणाला, ‘तुमाले तं मी सकाळीच मूलच्या एसटीत बसवून आलो.’
दिव्यानीचा फोन लागत नाही. लागतच नाही —

शनिवार, २० सप्टेंबर
लागला. तिने माझा आवाज ओळखला नाही. विचारलं, ‘त्यायचा फोन तुमच्यापासी कसा? ते म्हणते कामावरच इसरलो.’ म्हटलं, अगं मीच. ती म्हणाली, हे तर अंगणात बसलेत. परी मांडीवरून उतरायला तयार नाही.
मागून परी हसत होती. हसत होती ती —
धावत एसटी गाठली. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या सीटवर दुसऱ्याला बसवलं. उतरलो. उद्या अमावस्या. उद्या ताट पुरं केलं की सुटलो. सुटायलाच हवं. माझी पोर त्याच्या मांडीवर आहे.

रविवार, २१ सप्टेंबर
ताट पुरं केलं. कण ठेवला नाही. तोंडात सगळी वाळूच.
रुखमाबाईंनी हातावर पाणी घातलं. आता विडा लावताहेत, तेवढ्यात लिहितोय. माझ्याशी एक शब्द नाही. मघाशी फोनवर मात्र कोणाशी बोलल्या, ‘प्रणितभाऊ, तुमी पोरीपासीच राहा. इथलं मी पाहतो.’
प्रणित मी आहे. म्हटलं त्यांना. तीनदा म्हटलं —
फोटो बघितला. चौकड्यांचा शर्ट आता समोरून. चेहरा —
विडा दिला. हात धरलाय. दाराकडे नेताहेत. दाराबाहेर गाड्या नाहीत, झाडं नाहीत, नुसती —
हात जोडून रडताहेत बिचाऱ्या. ‘जा जी आता, आपल्या मानसात जा.’
माझी माणसं मूलला आहेत, रुखमाबाई. परी, तो तुझा बाबा ना —