सासऱ्यांच्या बंदुकीची सुधारणा

३ सप्टेंबर, मंगळवार
शेजारच्या गॉर्डचं बर्फ काढायचं मशीन गॅरेजमधून चोरीला गेलं. विस्कॉन्सिनमध्ये, आमच्या गल्लीत. मी तेहतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे धोके मोजले, मला वास आधी येतो. आजपासून घराचं संरक्षण माझ्याकडे. बायकोला, अर्लिसला, तसं सांगितलं. ती म्हणाली, मग आधी मागच्या दाराची कडी बसव, मार्चपासून सांगतेय. बायकांना दूरचं दिसत नाही.

५ सप्टेंबर
तळघराच्या कपाटात सासऱ्यांची पंप शॉटगन आहे. आता ती अर्लिसची. बदकांचा सीझन उघडला की भाऊ ड्वेनबरोबर ती दलदलीत घेऊन जाते. एरवी बंदूक नुसती आराम करते. चोरासाठी तयार करायची. अर्लिसला विचारायला हवं का? ती बावीस वर्षं गावच्या पोरांसाठी शिकारीतल्या सुरक्षेचा क्लास घेते, फुकट. निम्मं गाव तिला बाई म्हणतं. विचारलं तर मलाही शिकवत बसेल. काम झाल्यावर सरप्राइज.

९ सप्टेंबर, सोमवार
चौदा व्हिडिओ पाहिले. आखूड नळी, काळा प्लॅस्टिकचा दस्ता, टॉर्च, खांद्याचा पट्टा, सगळं मागवलं. व्हिडिओतला दाढीवाला म्हणतो, लांब नळी पॅसेजमध्ये वळत नाही. मोजून पाहिलं, खरं आहे. मीही नीट वळत नाही. उद्यापासून पोट कमी.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
पार्सल आलं. बंदूक उघडली तर काडतुसांच्या नळकांड्यात एक लाकडी दांडी कोंबलेली. त्यामुळे सगळी मिळून तीनच काडतुसं मावायची. सासरे चहाची पुडी दोनदा वापरणारे, काडतुसं वाचवायला घातली असणार. काढून टाकली. आता पाच मावतात. दांडी रंग ढवळायला कामी आली, मग फेकली.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळी ११
अर्लिस चर्चमध्ये. बेडरूम ते किचन रंगीत तालीम. बंदूक रिकामी, मी मूर्ख नाही. टॉर्चचा झोत पॅसेजमधल्या आरशावर पडला, डोळ्यांपुढे काजवे. पट्टा दाराच्या मुठीत अडकला, दिवा फुटला. एकंदरीत समाधानकारक.

संध्याकाळी: दिवा मांजराने पाडला असं सांगितलं. अर्लिस म्हणाली, मांजर जूनमध्ये गेलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार
शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला, फिश फ्रायला, गॉर्ड भेटला. मशीन एप्रिलपासून दुरुस्तीला दिलंय, म्हणे विसरलोच होतो. म्हणजे चोर आलेच नाहीत. माझ्या तयारीचा गवगवा झाला असावा.

२५ सप्टेंबर
अर्लिस म्हणाली, शनिवारी सीझन उघडतोय, बंदूक साफ करायला काढते. म्हटलं, मी करतो. ती बघतच राहिली. म्हणाली, अडतीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि माझ्या टकलावर हात फिरवला. जरा वाईट वाटलं. मग दिवसभर तळघरात. लाकडी दस्ता परत, लांब नळी परत, टॉर्च खोक्यात. दांडी तेवढी मिळाली नाही. दोन काडतुसं जास्त मावली तर तिचं काय बिघडणार आहे? उलट सोयच.

२८ सप्टेंबर, दुपारी
अर्लिस साडेनऊलाच परत आली. बदकं नाहीत. खोलीत गेली.

ड्वेनला फोन केला. शिकारीवर नजर ठेवणारा वॉर्डन आला होता. ट्रेंट नाव, अर्लिसचाच विद्यार्थी. तो म्हणाला, बाई, तुमची काय तपासायची. ही म्हणाली, नियम सगळ्यांना सारखा, तपास. पाचही काडतुसं आत गेली. बदकांच्या शिकारीला कायद्याने तीनच चालतात, दांडी त्यासाठीच असते, तिच्या क्लासचा पहिला धडा. दहा-बारा शिकारी बघत होते. ट्रेंटचं पेन चालेना. हीच म्हणाली, लिही बाळा, दंड लिही.

२९ सप्टेंबर, रविवार
कायदाच कसा चुकीचा आहे ते तिला समजावून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, दांडी कुठाय? सांगितलं. रंग कसला होता, विचारलं. दस्ता जास्त काळा करायचा होता, तेही सांगितलं.

२ ऑक्टोबर, बुधवार
अर्लिसने क्लासचा बिल्ला आणि किल्ल्या परत केल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. म्हणाली, जिला स्वतःच्या हातातली बंदूक ठाऊक नाही, तिने पोरांना काय सांगायचं? म्हटलं, लोक विसरतील. म्हणाली, विसरू देत. मी नाही विसरणार.

५ ऑक्टोबर, शनिवार
ड्वेन ट्रक घेऊन आला. अर्लिसने बंदूक जुन्या कांबळ्यात गुंडाळून स्वतः त्याच्या हातात दिली. मी म्हटलं, मग आपलं घर? ती म्हणाली, घराचं ठीक आहे रे, बंदूक तिथे सुरक्षित राहील.

कोणापासून, ते मी विचारलं नाही.